सानगडीहून थेट, दुपारी दोन एकतीसला

शिरीनच्या पत्राला मी चार ओळींचं साधं उत्तर लिहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. जमादाराला दोनदा चहा पाजावा लागला नसता, घरातल्या पितळी गुंडात जिवंत मरळ आली नसती आणि रंगाचा ब्रश हातात असताना बायकोने मला रंगेहाथ पकडलं नसतं. पण मी पडलो चित्रकलेचा शिक्षक. चौतीस वर्षं पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगितली, कागदावर मोकळी जागा सोडू नका. पत्राच्या तळाशी चार बोटं जागा उरली आणि तिथेच माझा घात झाला.

पत्र आलं जानेवारीत. पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून, मी ते फोडेपर्यंत पोस्टमन ओसरीवरून हलला नाही. इराणमधल्या शिराझ शहरातून शिरीन नावाच्या बाईने इंग्रजीत लिहिलं होतं, "माझे वडील बेहरूझ. ते शिकायला नागपुरात होते तेव्हा तुम्ही दोघं महाल भागातल्या एका खोलीत राहत होता. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. आता ते दिवसभर रेडिओ ऐकतात आणि प्रत्येक केंद्राला नावं ठेवतात. परवा म्हणाले, यादोच्या गावी जो नौरोज झाला तसा पुन्हा झाला नाही. तुम्ही जिवंत आहात का?"

यादो म्हणजे मीच. जिवंत असल्याचा दाखला मी दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी देतो. तो देताना मला कधी काही वाटलं नाही. या बाईने विचारलं तेव्हा मात्र पोस्टमनसमोर चष्मा पुसायचं नाटक करावं लागलं.

नौरोज म्हणजे इराणी लोकांचं नवीन वर्ष. मार्च महिन्यात दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवशी, पंचांगात असते तशी मिनिटासकट वेळ ठरलेली असते, त्या क्षणी ते पालटतं. चौऱ्याऐंशी साली बेहरूझच्या देशात लढाई चालू होती, घरी जाता येत नव्हतं आणि पठ्ठ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याला एसटीत घालून पंधरा दिवसांसाठी सानगडीला आणला. नौरोजला ठरावीक वस्तूंची मांडणी करतात आणि तिच्यात गव्हाचे कोंब लागतातच, म्हणून आईने त्याला परातीत गहू उगवून दिले. ती परात मला आजही डोळ्यांसमोर दिसते. पोपटी रंगात थेंबभर निळा घातला की जो येतो, तो हिरवा. मग त्याने तलावाच्या पाळीवर बसून त्याच्या गावाकडचं एक गाणं म्हटलं. पुढे तो गेला, चारदोन पत्रं आली, मग तीही थांबली.

हे सगळं मी उत्तरात लिहिलं आणि तरी जागा उरली. तिथे मी सुबक अक्षरात लिहिलं, "येत्या नौरोजला, ज्या क्षणी वर्ष पालटेल त्या क्षणी, आमच्या रेडिओ केंद्रावरून बेहरूझसाठी थेट संगीत प्रसारित केलं जाईल."

सानगडीत तेव्हा केंद्रं दोनच होती, एक आरोग्याचं आणि दुसरं धान खरेदीचं.

पंधरा दिवसांनी शिरीनचा ईमेल आला. तो आला गावात ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवणाऱ्या राखीताईच्या पत्त्यावर, कारण माझा ईमेल नव्हता आणि मी तिचाच देऊन टाकला होता. शिरीनने लिहिलं होतं, "यंदा वर्ष वीस मार्चला पालटतं. तुमच्या घड्याळात दुपारचे दोन वाजून एकतीस मिनिटं. बाबांनी साऱ्या नातेवाइकांना सांगितलं आहे. आणि माझ्यावर संशयही घेतला आहे. म्हणतात, तू कुठलं तरी रेकॉर्ड लावशील आणि आंधळ्या म्हाताऱ्याला फसवशील. तरी रोज दिवस मोजतात."

राखीताईने हे मोठ्याने वाचून दाखवलं. दुकानात जातीच्या दाखल्यासाठी सहा जण रांगेत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, कोणतं केंद्र जी?"

"काढू आपण," मी म्हणालो. असं म्हणताना माणसाने खिडकीबाहेर पाहावं, तसं पाहिलं.

राखीताई बाई हुशार. दोन मिनिटांत म्हणाली, "इंटरनेटवरचा रेडिओ तं सोपा हाये. एक फोन, एक माईक. परवानगी-बिरवानगी काई लागत नाही."

परवानगी लागत नाही हे ऐकूनच मला घाम फुटला. चौतीस वर्षं सरकारी अनुदानावरच्या शाळेत काढलेल्या माणसाला परवानगी लागते म्हटलं की बरं वाटतं. लागत नाही म्हटलं की मागून कुणीतरी येईल असं वाटतं. म्हणून मी तालुक्याला, साकोलीला गेलो. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, त्या बाबूची नोकरी अजून बाकी आहे.

"कायची परवानगी पायजे?"

"रेडिओची. इंटरनेटवरच्या."

"त्याले लागत नाही."

"तेवढंच लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की लागत नाही म्हणून."

बाबूने पेन खाली ठेवलं. "गुरुजी, परवानगी द्याचा नमुना हाये आमच्याकडं. नाकाराचाही हाये. लागत नाही म्हणाचा नमुना नाही."

"मग नाकारा."

"जे लागतच नाही ते नाकारू कसं?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याने मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्या टेबलावरच्या बाई नेमक्या माझ्या विद्यार्थिनी निघाल्या आणि त्यांनी मला खुर्ची दिली, पण कागद दिला नाही. शेवटी चौथ्या खेपेला मी 'परवानगीची आवश्यकता नसल्याबाबतचा दाखला मिळणेबाबत' असा अर्ज टाकला. अर्जाच्या नकलेवर त्यांनी पोचचा गोल शिक्का मारून दिला. त्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

केंद्राचं नाव मी ठेवलं 'स्वतंत्र कला नभोवाणी, सानगडी'. पाटी स्वतः रंगवली. गावाने तिला तिसऱ्या दिवशी 'गुरुजीचा भोंगा' म्हणायला सुरुवात केली आणि आजतागायत तेच चालू आहे.

जागेचा प्रश्न शेजारच्या सोमाजीने सोडवला. सोमाजी म्हणजे पक्का धानवाला शेतकरी आणि त्याहून पक्का सल्लागार. कुंपणावर कोपर टेकून "गुरुजी, तुमाले सांगतो" म्हणाला की निदान अर्धा तास गेला. त्याच्या घरी उंदरांनी उच्छाद मांडला होता म्हणून त्याचे एकशेवीस कट्टे, म्हणजे पोती, धान आमच्या कोठीघरात थपी लावून ठेवलेले होते, चारी भिंतींना, छातीच्या वर. मी आत जाऊन टाळी वाजवली. आवाज जिथल्या तिथे बसला, जरासुद्धा घुमला नाही.

"तुमाले सांगतो, मुंबईले असा इष्टुडिओ बांधाले लोकं जमिनी इकतात," सोमाजी म्हणाला. "खरेदी केंद्रावर नंबर लागेपरयंत बिनधास्त वापरा. नंबर काई लवकर लागत नाही."

माझी बायको उषा दारात उभी होती. ती म्हणाली, "अजी, तुमी त्या कोठीत बसून बोलान, ते आयकन कोण?"

पहिल्या रविवारी तिघांनी ऐकलं. एक शिराझला शिरीन, एक राखीताई, आणि तिसरा राखीताईचाच दुसरा फोन. तरी मी मागे हटलो नाही. अर्धा तास संगीत आणि अर्धा तास 'इराणी कलादालन' असा कार्यक्रम मी आखला होता. पहिल्या भागात इस्फहानच्या मशिदींवरच्या निळ्या फरशांचं वर्णन केलं. निळ्याच्या सात छटा होत्या, मी पाचव्यापर्यंत पोचलो तेव्हा वेळ संपला. दुसऱ्या दिवशी सोमाजी म्हणाला, "गुरुजी, तुमाले सांगतो, निळा रंग आमाले माहीत हाये."

दुसऱ्या रविवारी मात्र मी इराणातल्या जमिनीखालच्या पाटांबद्दल बोललो. डोंगराच्या पायथ्याचं पाणी उन्हाने उडू नये म्हणून ते लोक मैलोन् मैल जमिनीखालून उतारउतारानं गावापर्यंत आणतात, हजारो वर्षांपासून. आमचं सारं शिवार तलावांवर जगतं, आणि हे तलाव कुणाच्या पणजोबाने बांधले यावरून अजून भांडणं होतात. झालं, सारं गाव जागं झालं. उतार किती ठेवतात? गाळ कोण काढतं? पाण्याची पाळी कोण ठरवतं? लोक थांबवून विचारू लागले आणि तो भाग तीनदा लावावा लागला. ऐकणारे एकशे सत्तर झाले. इराणी संस्कृतीचा असा विजय झाल्यावर मी चार दिवस जरा छाती काढून चाललो.

पाचव्या दिवशी पोलीस चौकीचे जमादार आले. गुरुजी रोज इराणशी बोलतात, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. कुणी घातलं ते मला माहीत आहे, तो कुंपणावर कोपर टेकूनच उभा होता.

"काय बोलता जी इराणशी?"

"कला, संगीत आणि पाटबंधारे."

"कागद?"

मी पोचचा शिक्का असलेली ती नक्कल पुढे केली. जमादारांनी मजकूर वाचलाच नाही. त्यांनी शिक्का पाहिला, तो गोल आहे याची खात्री केली आणि टोपी काढून बसले. "हे बरं केलं तुमी. कागद असला म्हंजे आमालेही सोपं." मग त्यांनी चहा घेतला, पाटांचा तो भाग ऐकला, परत चहा घेतला आणि गेले. त्याच संध्याकाळी मी ती नक्कल फ्रेम करून पाटीखाली लावली.

आता संगीत. बेहरूझचं पाळीवरचं ते गाणं मला सुरासकट पाठ होतं, शब्द मात्र एकही नाही. बाबूलालला मी ते गुणगुणून दाखवलं. बाबूलाल हा आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं पेटी वाजवणारा माणूस. दिवाळीपासून होळीपर्यंत तो गावोगावच्या मंडपांत रात्री काढतो, त्यामुळे मार्चमध्ये तो एकतर झोपलेला असतो किंवा रागावलेला. दोन ओळी त्याने लगेच काढल्या. तिसऱ्या ओळीत एक सूर आला आणि तो अडला.

"हा सूर पुन्हा म्हणा."

मी म्हटला.

त्याने एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली. "गुरुजी, तुमचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधात हाये."

"मग मधला वाजव."

"मधात लाकूड हाये!"

पंधरा दिवस आम्ही त्या एका सुरासाठी भांडलो. त्याचं म्हणणं मी बेसुर आहे, माझं म्हणणं इराणी संगीतात असेच मधले सूर असतात, राखीताईने मोबाईलवर वाचून दाखवलं आहे. त्यावर तो म्हणाला, "मंग पेटी राखीताईलेच वाजवू द्या." आणि निघून गेला. मी त्याच्या घरी गेलो, समजूत काढली, परत आणला. दुसऱ्यांदा गेला, दुसऱ्यांदा आणला. तिसऱ्यांदा त्याने रागाच्या भरात पेटीवर पंजाच आपटला, आणि त्या कल्लोळातून मला हवा होता तो सूर स्वच्छ ऐकू आला.

"कोणती पट्टी ती?"

बाबूलाल ओशाळला. पेटीच्या डाव्या अंगाची एक पट्टी होती. सहा वर्षांपूर्वी लाखांदूरकडे एका गावात नाटक चालू असताना मंडपात पाणी शिरलं, पेटी भिजली आणि त्या पट्टीचा सूर उतरला. तेव्हापासून तो तिला हात लावत नव्हता आणि ही गोष्ट त्याने एकाही नाटक कंपनीला कळू दिली नव्हती. "या उन्हाळ्यात दुरुस्त कराची होती," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"वीस मार्चपर्यंत हात लावशील तर खबरदार," मी म्हणालो. सारं गाणं त्याने त्या सप्तकात उतरवलं, बिघडलेली पट्टी बरोबर तिसऱ्या ओळीत आली आणि माझ्या अंगावर काटा आला. बाबूलालच्याही आला असावा, कारण तो दोन दिवस कुणावर रागावला नाही.

राहिली नौरोजची मांडणी. रेडिओवर मांडणी दिसत नाही हे मला उषाने, सोमाजीने आणि राखीताईने वेगवेगळं सांगून पाहिलं. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मांडायची तर ती खरी मांडली पाहिजे, असं माझं म्हणणं होतं, आणि त्यावर मी आजही ठाम आहे. लसूण घरात होता. सफरचंद साकोलीहून आणलं. व्हिनेगर चायनीजच्या गाडीवरून वाटीभर मागून घेतलं. इराणी आंबट मसाला कुठेच मिळेना, तिथे सोमाजीने चिंच दिली. वाडग्यात एक लाल मासा लागतो, हे मी बोलताबोलता त्याला सांगून गेलो होतो. बेहरूझ म्हणायचा, वर्ष पालटताना मासा क्षणभर वळतो.

गव्हाच्या कोंबांचं काम दहा मार्चला मी उषाकडे सोपवलं. "परातीत गहू उगवून दे. आईने दिले होते तसे."

"देतो ना. त्यात काय?" ती म्हणाली.

आणि मी निर्धास्त झालो. इतका निर्धास्त की अठरा मार्चपर्यंत परात पाहिलीच नाही. अठराला विचारलं तेव्हा उषा मला देवघराच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे अंधारात एक टोपलं पालथं होतं. तिने ते मोठ्या कौतुकानं उचललं. खाली वीतभर उंच, दाट, सरळ कोंब उभे होते, आणि सगळेच्या सगळे पिवळे होते. केळीच्या गाभ्यासारखे पिवळे.

"हे काय केलंस?"

"काहून? किती सुंदर आली भुजली!"

आमच्याकडे राखीपौर्णिमेच्या सुमारास भुजल्या पेरतात. टोपलीत माती घालून गहू टाकायचे आणि ते अंधारात झाकून ठेवायचे. उन्हाची तिरीपसुद्धा लागू द्यायची नाही. कोंब जितके पिवळे तितकी बाईच्या हाताची तारीफ. मग त्या वाजतगाजत तलावात शिरवायच्या आणि एकमेकांच्या कानावर काडी खोवून गळाभेट घ्यायची. उषाला परातीत गहू उगवायला सांगितल्यावर तिने दुसरं काय केलं असतं? हे मला आता सुचतं. त्या दिवशी मी ओरडलो.

"हिरवे पाहिजे होते! आईने हिरवे दिले होते! उजेडात ठेवायचे साधे!"

"उजेडात ठेवले तं ते शेत जालं, भुजली कायची? आणि मले भुजली पेराले सासूबाईनंच शिकवलं. सासूबाईनं हिरवी केली असन हे मी मानतच नाही."

"मी डोळ्यांनी पाहिली आहे!"

"तुमी काय काय पायता ते मले माहीत हाये," ती म्हणाली आणि टोपलं परत झाकून चालती झाली.

त्या दुपारी ती गल्लीतल्या सुंदरबाईंकडे हळद कांडायला गेली तेव्हा मी माझी जुनी रंगपेटी काढली. मला कुणाला फसवायचं नव्हतं, आधीच सांगतो. शिक्षकाने चूक दिसली की दुरुस्त करायची एवढंच डोक्यात होतं. पोपटीत थेंबभर निळा घातला, बारीक ब्रश घेतला आणि काड्या रंगवायला बसलो. तीन काड्या झाल्या. चौथीला हात घातला तेव्हा दारात उषा उभी होती, ती काही विसरली म्हणून परत आली होती. तिने माझ्या हातातला ब्रश काढून पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि परातीवर टोपलं झाकलं. चौतीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाने माझा इतका अपमान केला नाही.

वीस मार्चला सकाळी साडेआठला सोमाजी धावत आला. "गुरुजी, नंबर लागला! आजच कट्टे न्या म्हंतात, नाहीतं गेला नंबर!"

त्याचा तो वर्षभराचा घास होता. दहापर्यंत एकशेवीस कट्टे ट्रॅक्टरवर चढले आणि कोठीघर उघडंबोडकं झालं. मी आत जाऊन टाळी वाजवली, तर ती चार भिंतींना धडकून चारदा परत आली. बाबूलालने एक सूर लावला आणि विहिरीत पडल्यासारखा चेहरा केला. आम्ही गाद्या टांगल्या, सतरंज्या टांगल्या, उषाच्या लग्नातलं लुगडंसुद्धा टांगलं. जरा बरं झालं. एक पन्नासला वीज गेली आणि तिच्याबरोबर इंटरनेटही.

राखीताईने वीज कार्यालयाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की काम चालू आहे, चारला येईल.

मी ओट्यावर बसलो. शिराझमध्ये तेव्हा बारा वाजायला आले होते. एक म्हातारा नवे कपडे घालून रेडिओसमोर बसला असेल, लेकीवर संशय घेत. आता इथून काही ऐकू गेलं नाही तर तो तिला म्हणेल, बघ, यादो नाहीच, तूच पत्र लिहिलं होतंस. मला खरंच रडू यायला लागलं. मग मला राग आला, आणि तो बरा असतो.

"फोनवरून होते का नाही?" मी विचारलं.

"होते जी, पण इथं नेट चालाले रेंज नाही. पाळीवर चला, टॉवर समोरच दिसते," राखीताई म्हणाली.

तेवढ्यात सोमाजी रिकामी ट्रॉली घेऊन परतला. त्याला कट्ट्यांचं वाईट वाटतच होतं. त्याने एक शब्द न विचारता पेटी उचलली, लसूण उचलला, व्हिनेगर उचललं आणि वर पितळी गुंड ठेवला.

"यात काय हाये?" उषाने विचारलं.

"मासा. लाल नाही भेटला. काळा हाये." गुंडात वीतभर लांब मरळ शेपूट आपटत होती. बेहरूझच्या देशात वाडग्यात बोटाएवढा मासा ठेवतात, हे सांगायला वेळ नव्हता.

उषाने परात मांडीवर घेतली आणि तिच्यावर पदर धरला.

"अगं, आता तरी ऊन लागू दे! तेवढीच हिरवी होईल!"

"तुमी समोर पाहा," ती म्हणाली.

दोन चोवीसला आम्ही पाळीवर पोचलो. मोहाच्या झाडाखाली सतरंजी पडली, मांडणी झाली. मोबाईलला तीन दांड्या रेंज आली. मागून जमादारांची मोटरसायकल आली आणि ते लांब उभे राहिले. राखीताईने एक फोन रेडिओला जोडला, दुसऱ्यावरून शिरीनला लावला आणि माझ्याकडे वळली. "गुरुजी, आपला आवाज तिकडं पोचाले अर्धा मिनिट लागते. दोन एकतीसले पोचवाचा असन तं अर्धा मिनिट आधी सुरू करा लागन."

"म्हंजे आपल्याकडं त्याहिच्या पयले साल बदलते," सोमाजीला ते फार आवडलं.

तिने बोट वर केलं. "ही सानगडी येथील स्वतंत्र कला नभोवाणी," मी म्हणालो, आणि पुढचं पाठ केलेलं सारं निवेदन विसरलो. "बेहरूझ, मी यादो. ऐक." एवढंच बोललो. बाबूलालने भाता ओढला.

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत पाण्यात भिजून उतरलेला तो सूर आला, आणि बाबूलालने तो दाबून धरला, सोडलाच नाही. त्याच वेळी गुंडातून मरळ उसळली, सफरचंद पाडलं, पाळीच्या उतारावर दोन कोलांट्या खाल्ल्या आणि छपकन् तलावात गेली. हे सगळं थेट प्रसारित झालं.

गाणं संपलं. अर्धा मिनिट गेला. मग दुसऱ्या फोनवरून एक खरखरीत आवाज आला. चाळीस वर्षांनी ऐकत होतो, तरी हिंदी तीच होती, महालातल्या खानावळीत शिकलेली.

"यादो? ये पानी में क्या गिरा?"

"मछली थी. भाग गई."

"मछली पलट गई, तो साल पलट गया. लेकिन तू सच्ची में है क्या? ये मेरी लड़की बहुत होशियार है. पेटी भी बजवा सकती, मछली भी. एक बात बता. सब्ज़े का रंग कैसा है?"

सब्ज़े म्हणजे गव्हाचे कोंब. मी परातीकडे पाहिलं. 'हरा' म्हणायला किती वेळ लागतो? त्याला दिसत नव्हतं, रेडिओवर कुणालाच दिसत नव्हतं, आणि चौऱ्याऐंशीचा तो हिरवा रंग तर माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी उषा फोनवर वाकली.

"पिवळी हाये भाऊजी. पिवळी जर्द. यायनं तीन काड्या रंगवल्या, तेवढ्या सोडून."

मला वाटलं, संपलं. राखीताई रेंज पाहू लागली. मग बेहरूझ हसला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता तो रडतोय हे मला कळलं.

"पीला! शिरीन, सुना? पीला!" तो ओरडला. "यादो, तेरी माँ ने टोकरी के नीचे रखा था. दस दिन बाद निकाला तो पूरा पीला. मैं क्या बोलता? इतने प्यार से दी. ऊपर से मेरे कान पे लगाई और गले मिली. मैं उस दिन घर के लिए नहीं रोया, मालूम?"

"पीला था?" मी म्हणालो. "मेरेको तो हरा याद है."

"तू ड्रॉइंग मास्टर है न," तो म्हणाला.

नंतर शिरीन बोलली, इंग्रजीत, आणि राखीताई आम्हाला सांगत गेली. त्यांच्या घरी दर नौरोजला दोन पराती असतात. एक सगळ्यांसारखी हिरवी. दुसरी तिचे बाबा टोपलीखाली झाकून उगवतात, पिवळी. आई होती तोवर दरवर्षी त्यावरून भांडायची, पाहुणे विचारायचे की तुमचे गहू आजारी आहेत का. बाबांनी कारण कधीच सांगितलं नाही. आजही ती परात त्यांच्या मांडीवर आहे.

सोमाजी पाठ फिरवून तलावाकडे बघत उभा राहिला. जमादारांनी टोपी काढली. उषाने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की चाळीस वर्षांच्या माझ्या सगळ्या रंगज्ञानाचा तिथे निकाल लागला. मग तिने परातीतल्या काड्या खुडल्या, बाबूलालच्या कानावर खोवली, सोमाजीच्या, राखीताईच्या, जमादारांच्याही. शेवटी माझ्या कानावर एक खोवली.

"लगाया क्या कान पे?" बेहरूझने विचारलं.

"लगाया."

"कौनसी?"

"पीली," मी म्हणालो, आणि यावेळी मला अगदी खात्री होती.

घरी येऊन आरशात पाहिलं तर ती माझ्या तीन रंगवलेल्या काड्यांपैकी एक होती. घामाने रंग ओघळून कान अर्धा हिरवा झाला होता, आणि उषा मागे उभी राहून हसत होती.